समासातल्या नोंदी : 'अंगणवाडी' या शब्दाचे पुनर्वाचन

१

आई गेली त्या वर्षी तिची पत्र्याची पेटी उघडली. दोन लुगडी, एक चष्मा, पोस्टाचे पासबुक आणि खाली कापडाच्या चिंधीने बांधलेल्या सात वह्या निघाल्या. आई जामनेर तालुक्यातल्या एका खेड्यात सत्तावीस वर्षे अंगणवाडी सेविका होती. भरलेली रजिस्टरे कार्यालयात जमा होत. या वह्या मात्र तिच्या स्वतःच्या, कच्च्या. आधी इथे लिहायचे आणि मग रात्री चिमणीच्या, पुढे बल्बच्या उजेडात पक्क्या रजिस्टरात उतरवायचे, अशी तिची पद्धत होती.

मी जामनेरला झेरॉक्स आणि स्टेशनरीचे दुकान चालवतो. शिक्षण बारावीपर्यंत. पुढचे जे काही वाचन झाले ते वाचनालयात आणि दुकानातल्या काचेवर. तालुक्यातल्या सेविका, मदतनीस, पर्यवेक्षिका शासन निर्णय, तक्ते, मागणीपत्रे घेऊन माझ्याकडे येतात. पंचवीस वर्षे मी ते कागद छापता छापता वाचत आलो. त्यामुळे वह्या हातात आल्या तेव्हा त्यांचे रकाने मला तोंडपाठ होते. नवल वाटले ते समासाचे.

रकान्यात मुलाचे नाव, वय, वजन, श्रेणी. समासात बारीक अक्षरात, आमच्या तावडी बोलीत : 'माय येचायले जाते.' दुसऱ्या ओळीसमोर : 'बहीन सांभायते, शाळा सुटली तिची.' तिसऱ्या ठिकाणी नुसते 'सासू'. वजन घटलेल्या प्रत्येक मुलासमोर अशी एक नोंद. पक्क्या रजिस्टरात यातले एक अक्षरही गेले नसणार, कारण त्याला रकानाच नव्हता.

या निबंधात मला जे म्हणायचे आहे ते त्या समासातून सुरू होते. गावातली लहान मुले कशी वाढतात, कशामुळे खंगतात, याचे ज्ञान असणारी बाई आपल्याकडे गावोगाव होती. तिला आपण 'सेवा करणारी' म्हणून वाचले, 'जाणणारी' म्हणून वाचले नाही. हे चुकीचे वाचन शासनाने केले, पण ते आधी मराठी साहित्याने केले होते, असे माझे मत झाले आहे. मी स्वतःही त्यातून सुटलो नाही. आई गेल्यावर एका स्थानिक साप्ताहिकात मी तिच्यावर लेख लिहिला, त्यात 'त्यागमूर्ती' हा शब्द तीन वेळा आहे. वह्यांचा उल्लेख एकदाही नाही.

२

'अंगणवाडी' हा शब्द सरकारी वाटतो. तो तसा नाही. शब्द ताराबाई मोडकांचा, आणि त्याच्या मागे मोठा प्रवास आहे.

१९०७ च्या जानेवारीत रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले 'बालगृह' उघडले. त्याचे कारण फार उदात्त नव्हते. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली पोरे इमारतीची नासधूस करतात, म्हणून इमारतीच्या व्यवस्थापनालाच त्यांची सोय लावायची होती. माँटेसरींनी त्या गरजेतून शास्त्र उभे केले. पुढे मात्र ती पद्धत महागड्या साधनांसह सुखवस्तू घरांत स्थिरावली. भारतातही तेच झाले असते. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून ताराबाई १९२३ मध्ये तिथे गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पण भावनगरलाही येणारी मुले बहुतेक शिकल्यासवरल्या घरांतली होती, आणि ही गोष्ट ताराबाईंना टोचत राहिली.

१९४५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या, आजच्या पालघरमधल्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. त्याच सुमारास पुण्याच्या हुजूरपागेतली नोकरी सोडून अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती मुले येईनात. दलित वस्तीतली मुले गावातल्या बालवाडीत पाऊल टाकायला कचरत, आणि वारल्यांची मुले तर गुरांमागे किंवा धाकट्या भावंडांमागे. मग बालवाडीच वस्तीत न्यायची, असे ठरले. कुणाच्या तरी अंगणात, झाडाखाली मुले गोळा करायची, त्यांना न्हाऊमाखू घालायचे, गाणी, गोष्टी, खेळ. साधने म्हणजे शिंपले, खडे, बिया, पाने. गावातली मुख्य ती केंद्रवर्ती बालवाडी आणि वस्तीत जाणारी ती अंगणवाडी.

इथे थोडे थांबू या. या शब्दात 'अंगण' हा शोभेचा भाग नाही, त्यात एक निर्णय आहे. मूल शाळेत येत नसेल तर दोष मुलाचा किंवा आईबापांचा, असे समजण्याची आपली जुनी रीत. ताराबाईंनी ती उलटी केली. मूल येत नाही, याचा अर्थ शाळा चुकीच्या जागी उभी आहे. पन्नाशीच्या दशकात काम कोसबाडच्या टेकडीवर गेले तेव्हा हाच विचार आणखी दोन पावले पुढे सरकला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात जाऊ लागला, ती 'कुरणशाळा'. आणि थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घरी बसते म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, ती 'विकासवाडी'. तान्हे पाळणाघरात, मधले बालवाडीत, थोरली शाळेत. एका कुटुंबाची तीन मुले एका दारातून आत येतात.

आईच्या वहीत 'बहीन सांभायते, शाळा सुटली तिची' असे लिहिले आहे. कोसबाडला या वाक्यातून एक संस्था उभी राहिली. आमच्या तालुक्यात ते समासात राहिले. दोन बायकांनी पाहिलेले दुःख एकच आहे. फरक एवढाच, की एकीला पाहिल्यावर काही बदलण्याचा अधिकार होता.

३

आता साहित्याकडे येतो. ताराबाईंचे पद्मजा फाटक यांनी लिहिलेले चरित्र 'शिक्षणतपस्विनी' या नावाने प्रसिद्ध आहे. नावाबद्दल माझी तक्रार आहे. 'तपस्विनी' म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे देह झिजवणारी, काही न मागणारी बाई उभी राहते. ताराबाई तशा होत्या का? कष्ट त्यांनी उपसले यात शंका नाही. पण त्या पदवीधर होत्या, प्राचार्य होत्या, एक मासिक चालवणाऱ्या संपादक होत्या आणि मुंबई प्रांताच्या विधानसभेत सदस्य होत्या. प्रयोग करायचा, फसला तर का फसला ते लिहायचे, सुधारायचे आणि पुन्हा करायचा, ही त्यांची कामाची रीत. याला तप म्हणण्यापेक्षा संशोधन म्हणणे जास्त खरे. पुरुषाने हेच केले असते तर आपण त्याला शिक्षणशास्त्रज्ञ म्हटले असते. गिजुभाईंबद्दल बोलताना आपण प्रयोगाचा शब्द सहज वापरतो, ताराबाईंबद्दल बोलताना व्रताचा.

अनुताईंच्या बाबतीत हा फरक आणखी स्पष्ट दिसतो. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे त्यांचे आत्मचरित्र मराठी स्त्रियांच्या आत्मकथनांच्या यादीत मानाने घेतले जाते. बालविवाह, तेराव्या वर्षाच्या आत आलेले वैधव्य, शिक्षण, नोकरी आणि मग आदिवासी मुलांमध्ये घालवलेले आयुष्य. या कथेला आपल्याकडे ओळखीचा साचा आहे : दुःख, मग सेवा, मग सार्थक. वाचक हेलावतो आणि पुस्तक मिटतो. पण याच बाईंनी 'बालवाडी कशी चालवावी' हेही पुस्तक लिहिले. त्याबद्दल समीक्षेत एक ओळ शोधून दाखवा. ते 'मार्गदर्शनपर' ठरले, आणि मार्गदर्शनपर म्हणजे साहित्याच्या उंबऱ्याबाहेरचे.

ही वर्गवारीच मला मान्य नाही. एखादी बाई काय सोसते ते लिहिले की साहित्य, आणि तिला काय येते ते लिहिले की माहितीपुस्तिका. या वर्गवारीचा परिणाम कपाटापुरता राहत नाही. शंभर वाचकांना अनुताई विधवा होत्या हे ठाऊक आहे. चार वर्षांच्या मुलाला मोजणी शिकवताना आधी बिया हातात का द्यायच्या, याचे उत्तर त्यांच्याकडे होते, हे त्यांतल्या पाचांनाही ठाऊक नसेल. आपण त्यांचे आयुष्य जपले आणि त्यांचे ज्ञान हरवले.

आणखी एक पुस्तक याच कपाटात, पण वेगळ्या फळीवर असते. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो'. १९७० मध्ये आलेल्या आणि १९७२ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या पुस्तकात वारल्यांच्या उठावाची कहाणी आहे. वेठबिगारीविरुद्धचा तो लढा पेटला १९४५ मध्ये, त्याच डहाणू-उंबरगाव पट्ट्यात. म्हणजे एका बाजूला आईबाप फुकट राबायला नकार देत होते आणि तेव्हाच, काही मैलांवर, त्यांच्या मुलांसाठी अंगणात बालवाडी भरत होती. ही दोन कामे आपण कधी एकत्र वाचली नाहीत. एक 'चळवळ' आणि दुसरे 'सेवाकार्य', अशा चिठ्ठ्या लावून टाकल्या. पण वेठीला गेलेल्या आईचे तान्हे कोण सांभाळणार, हा प्रश्न दोन्ही पुस्तकांच्या मधोमध उभा आहे. श्रमाचा मोबदला आणि बाळाची निगा हे दोन विषय नाहीत. आमच्या वेचणीच्या मजुरीवरून मला हे कळते. ते पुढे सांगतो.

४

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली. देशात ३३ प्रायोगिक प्रकल्प. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवा, जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आणि गरोदर व स्तनदा मातांसाठी. ज्या केंद्रातून हे सगळे द्यायचे त्याला नाव दिले 'अंगणवाडी'. एका मराठी बाईचा शब्द काश्मीरपासून केरळपर्यंत गेला. अभिमान वाटावा अशीच गोष्ट.

या योजनेची व्याप्ती मी कमी लेखत नाही. जगात इतक्या मोठ्या प्रमाणावर लहान मुलांसाठी कुठल्या देशाने काही उभे केल्याची उदाहरणे मोजकी आहेत. पण शब्द उचलताना त्यातला निर्णय मागे राहिला. अंगणाचे केंद्र झाले, आणि केंद्राची वेळ ठरली, पटसंख्या ठरली, लोकसंख्येचे निकष ठरले. सहा सेवांमध्ये शिक्षण ही एक राहिली, आणि तीही दिवसाच्या कामात बहुधा शेवटी उरणारी.

आणि शिक्षिकेची सेविका झाली. सुरुवातीला मॅट्रिक नसलेल्या सेविकेला महिना १०० रुपये, मॅट्रिक झालेलीला १५० आणि मदतनिसाला ३५. त्याला पगार म्हणायचे नाही, 'मानधन' म्हणायचे. मानधन कीर्तनकाराला देतात, पाहुण्या वक्त्याला देतात. ज्याचे मुख्य काम दुसरे आहे त्याच्या सन्मानाचा तो शब्द. इथे तो रोज सकाळी येणाऱ्या, रजिस्टरे भरणाऱ्या, लसीकरणाला बायका जमवणाऱ्या, निवडणुकीच्या आणि सर्वेक्षणाच्या कामाला जुंपल्या जाणाऱ्या बाईसाठी वापरला गेला. 'तपस्विनी' आणि 'मानधन' हे दोन शब्द एकाच घरातले आहेत. जी व्रत करते तिला वेतन कशाला?

न्यायालयांच्या निकालांतही ही दुविधा दिसते. २००६ च्या डिसेंबर महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. कर्नाटकातल्या सेविकांच्या प्रकरणात म्हटले की त्या नागरी पदावरच्या कर्मचारी नाहीत. त्याच महिन्यात अन्नाच्या अधिकाराच्या प्रकरणात आदेश दिला की देशात किमान १४ लाख अंगणवाड्या उभ्या करा, एकही वस्ती वगळू नका. म्हणजे केंद्र हवे, ते प्रत्येक वस्तीत हवे, पण ते चालवणारी बाई पदावर नाही. दोन्ही निकाल आपापल्या कायदेशीर चौकटीत असतील. एक सामान्य वाचक म्हणून ते शेजारी ठेवले की जे दिसते ते मी सांगतो आहे.

पुढे २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने अंगणवाडीला कायद्यात जागा दिली. त्याच्या आधाराने २५ एप्रिल २०२२ रोजी न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने गुजरातमधल्या सेविकांच्या प्रकरणात निकाल दिला की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना १९७२ चा उपदान कायदा लागू होतो. त्यांना मिळते ते, नाव काहीही असले तरी, वेतनच आहे. त्या निकालाच्या कितीतरी प्रती मी दुकानात काढून दिल्या. एका सेविकेने प्रत हातात घेऊन विचारले, ''भाऊ, यात आपल्याले सेविका म्हटलं का नोकर?'' मी म्हटले, ''ताई, कामगार म्हटलं.'' ती म्हणाली, ''मंग चाललं.''

आईला हा निकाल पाहता आला नाही. सेवा संपल्यावर मिळणारी एकरकमी रक्कमही तिच्या हयातीत मिळाली नाही. कुठल्या टेबलावर ती अडली ते इथे महत्त्वाचे नाही. महत्त्वाचे हे, की ती विचारायलाच गेली नाही. 'सेवा केली, मागायचं काय?' असे म्हणायची. हा शब्द किती आत शिरतो ते मला तेव्हा कळले नाही.

शब्दांचे वजन राज्यघटनेतही पाहता येते. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी मात्र कलम ४५ मध्ये 'राज्य प्रयत्नशील राहील' अशा अर्थाची तरतूद आली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही तीन ते सहा वयोगटासाठी शासन व्यवस्था करू शकेल, एवढेच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला, ही चांगली गोष्ट. पण हक्काची भाषा अजून सहाव्या वाढदिवसालाच सुरू होते, आणि मेंदूची वाढ त्याआधीच बरीचशी झालेली असते.

५

मग व्यवस्था चालतच नाही का? चालते, आणि महाराष्ट्रातच तिची दोन उदाहरणे आहेत. दोन्हींत चालण्याचे कारण एकच दिसते.

पहिले गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच, थोडेफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. बाळ गुदमरले तर काय करायचे, जंतुसंसर्गाची लक्षणे कोणती, इंजेक्शन केव्हा द्यायचे. यातला शेवटचा भाग अनेक डॉक्टरांना धक्कादायक वाटला. पण हजार जन्मांमागे सुमारे ६२ असलेले नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी २६ च्या आसपास आले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष छापले गेले आणि २०११ मध्ये घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेणे हे देशभरातल्या 'आशां'च्या कामात आले. या कथेतही 'सेवा' आहे. पण तिच्या केंद्रस्थानी आहे ती निदान करणारी बाई. हे बाळ आजारी आहे, आत्ता उपचार हवा, हे ठरवण्याचा अधिकार तिला दिला होता.

दुसरे उदाहरण शासनाचे स्वतःचे. कुपोषणाच्या मृत्यूंवरून गदारोळ झाल्यावर २००५ मध्ये औरंगाबादला राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. पहिले एक हजार दिवस, म्हणजे गर्भधारणेपासून बाळाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचा काळ, यावर भर. आणि एक साधी पण अवघड सूचना : वजन खरे लिहा. आकडा वाईट आला म्हणून सेविकेला बोलणी बसणार नाहीत. दोन वर्षांखालच्या मुलांमधली खुजेपणाची टक्केवारी २००५-०६ मध्ये सुमारे ३९ होती. २०१२ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या सर्वेक्षणात ती २४ च्या खाली आलेली दिसली. अवघ्या सहासात वर्षांत एवढी घट क्वचितच दिसते. मिशनखेरीज त्याला इतरही कारणे असणार. उत्पन्न, रस्ते, मुलींचे शिक्षण, सगळेच. पण खरे लिहिणाऱ्या बाईला शिक्षा होणार नाही, ही हमी त्या कारणांमध्ये मी वरच्या क्रमांकावर ठेवतो.

पुढचे आकडे मात्र अस्वस्थ करतात. पाच वर्षांखालच्या मुलांचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतले प्रमाण पाहा. महाराष्ट्रात खुजी मुले २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के, २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के आणि २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के. उतरता आलेख थांबला. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुले तर शेवटच्या दोन्ही पाहण्यांत २५.६ टक्के, म्हणजे चारांतले एक. दरम्यान कागदी रजिस्टरे गेली, मोबाइल आला, २०२१ पासून 'पोषण ट्रॅकर'वर नोंदी होऊ लागल्या. नोंदी वाढल्या, वेळेवर झाल्या. माझ्या दुकानात येणाऱ्या सेविका सांगतात की दिवसाचा मोठा भाग फोनमध्ये जातो. त्या फोनमध्ये समास नाही.

६

आता माझे वेचणीचे वचन.

हा अंक आपल्या हाती येईल तेव्हा आमच्याकडे कापसाची वेचणी ऐन भरात असेल. आमच्या तालुक्यात दिवाळी आणि वेचणी एकत्र येतात. बाई सकाळी भाकरी बांधून निघते, किलोमागे मजुरी असते म्हणून जितका वेळ तितके पैसे, आणि दिवस मावळताना परतते. अंगणवाडी सकाळचे काही तास उघडी. तीन वर्षांच्या पुढची मुले तिथे बसतात, खिचडी-उसळ खातात. तीन वर्षांखालच्यांसाठी घरी न्यायची आहाराची पाकिटे. पाकीट घरी जाते, पण ते शिजवून, मऊ करून, दिवसातून चार-पाच वेळा भरवणारे घरी कोण आहे? सासू असेल तर सासू. नसेल तर सात-आठ वर्षांची बहीण. 'माय येचायले जाते' या तीन शब्दांत आईने हे सगळे निदान लिहून ठेवले होते. माझ्याकडच्या वह्यांमध्ये कार्तिक ते पौष या महिन्यांत अशा नोंदी दाट होतात आणि वजनांचे आकडे खाली येतात. सात वह्यांवरून मी सिद्धांत मांडत नाही. पण हा तक्ता वरच्या कुठल्याही कार्यालयात बनला असता, तर वेचणीच्या तीन महिन्यांपुरते पाळणाघर काढायला कुणी आडवे आले नसते, असे वाटते.

हे स्वप्नरंजन नाही. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेने तीन वर्षांखालच्या मुलांसाठी गावातच 'फुलवारी' नावाची पाळणाघरे चालवली, कामावर जाणाऱ्या आयांच्या वेळेनुसार. केंद्राच्या 'पालना' योजनेत अंगणवाडीतच पाळणाघराची सोय करण्याची तरतूद आता आहे. आणि कोसबाडला तर हे सत्तर वर्षांपूर्वी झाले होते.

थोडे दूरचे उदाहरणही देतो, कारण तेही १९४५ चेच आहे. महायुद्ध संपले तेव्हा इटलीत रेज्जो एमिलिया शहराजवळच्या एका खेड्यात लोकांनी पळालेल्या सैन्याचा रणगाडा, ट्रक आणि काही घोडे विकले आणि त्या पैशांतून, पडक्या घरांच्या विटा गोळा करून, मुलांसाठी शाळा बांधली. लॉरिस मालागुझ्झी नावाचा तरुण शिक्षक सायकल मारीत ते पाहायला आला आणि तिथलाच झाला. १९६३ मध्ये तिथल्या नगरपालिकेने पहिली बालशाळा काढली आणि पुढे लोकांनी उभारलेल्या शाळाही आपल्याकडे घेतल्या. घेताना शिक्षिकांना पालिकेच्या नोकरीत घेतले, आणि मुलांचे रोजचे बोलणे-वागणे टिपून ठेवणे हा त्यांच्या कामाचाच भाग मानला. आज जगभरातून माणसे ती टिपणे वाचायला जातात. बोर्डी आणि रेज्जो एकाच वर्षी निघाली. दोन्हींकडे लोकांनी सुरू केलेले काम पुढे शासनाने हाती घेतले. तिथे शासनाने शिक्षिकेचा समासही घेतला. इथे फक्त शब्द घेतला.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो हलका नाही. ताराबाई-अनुताईंमध्ये सेवाभाव नसता तर कोसबाड उभे राहिले असते का? नुसत्या पगाराने ते होते का? पगारी शाळांची अवस्था आपण पाहतोच. मला हे मान्य आहे. आईच्या वह्याही कुणी पगार वाढवला म्हणून लिहिल्या गेल्या नव्हत्या. तिच्यात ती माया होती. पण माया असलेल्या माणसाला मोबदला कमी द्यावा आणि त्याचे म्हणणे ऐकू नये, असे कुठे आहे? सेवाभाव हा त्या बाईचा गुण आहे. तो आपण तिच्या नेमणुकीची अट करून टाकला. वेतन द्यावे हे एक झाले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिला काय दिसते ते लिहायला जागा द्यावी आणि त्या लिहिण्यावर काही तरी घडावे. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केले, तेव्हा त्यांचेही मुख्य भांडवल हेच होते : डॉक्टरने त्यांचे म्हणणे ऐकून घेणे.

समीक्षेपुरते माझे मागणे याहून छोटे आहे. ताराबाईंचे बालशिक्षणावरचे लेखन, अनुताईंचे 'बालवाडी कशी चालवावी' यांसारखी पुस्तके आपण वाङ्मय म्हणून वाचायला घ्यावीत. त्यांतली भाषा पाहावी, निरीक्षण पाहावे, लहान मुलाकडे बघण्याची नजर पाहावी. आत्मचरित्राइतकीच त्यांची चर्चा व्हावी. आणि गावोगावच्या सेविकांच्या कच्च्या वह्या, रद्दीत जाण्याआधी, कुणी तरी जमवाव्यात. आईसोबत काम केलेल्या दोघींना मी विचारले. एकीने चूल पेटवायला वापरल्या. दुसरीकडे तीन निघाल्या, त्यांतही समास भरलेला आहे.

आई महिन्याच्या बैठकीला पाचोरा-जामनेर गाडीने यायची. 'पीजे'. ती छोटी गाडीही २०२० पासून बंद झाली. बैठकीला ती पक्के रजिस्टर पिशवीत घालून आणी आणि कच्ची वही घरी ठेवी. एकदा मी विचारले होते, ''ही वही का नाही दाखवत साहेबांना?'' ती म्हणाली, ''त्याहीनं इचारलं नाही कधी.''

त्या दहा वह्यांची मी आता सूची करतो आहे : महिना, मुलाचे वय, वजन, आणि चौथा रकाना समासातल्या नोंदीचा. मुलांची नावे गाळली आहेत. दोन वह्या झाल्या. वेचणी संपेपर्यंत तिसरी व्हावी.